ब्रिजिटला हाक मारायची राहिली

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. भाजीवाल्यांशी, कॉलेजातल्या प्राध्यापकांशी, लग्नानंतर नणंदेशी, सगळ्यांशी मी तडातडा बोलले आहे. आणि हीच मी. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, त्यांच्या खऱ्या नावानं त्यांना हाक मारायची. मला ते जमलं नाही. चांगले दहा महिने होते हातात, आणि दहा महिन्यांत एकदासुद्धा नाही. त्या गेल्या. आता चाळीस वर्षं होत आली तरी ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गोष्ट पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. हे तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होते आणि मी नुकतंच लग्न होऊन आले होते. मराठीत एम.ए., तेही फर्स्ट क्लास, आणि व्हिसावर काम करायची परवानगी नाही. म्हणजे हे सकाळी आठच्या कॅम्पस बसनं लॅबमध्ये जायचे आणि मी खिडकीतून बर्फाकडे बघत बसायची. गावात एकही देशी दुकान नव्हतं. हिंग संपला की पिट्सबर्गच्या देवळाला कोण जातंय याची वाट बघायची.

आम्ही एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीणबाई एकट्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, उंच, हाडापेरानं मजबूत, पण गुडघ्यांनी दगा दिलेल्या. नवरा रेल्वेत होता, तो वारून बारा वर्षं झाली होती. एक मुलगा होता कॅलिफोर्नियात, तो दर रविवारी फोन करायचा. टपालपेटीवर त्यांचं नाव होतं ‘बर्था’. शेजारीपाजारी, टपालवाला, चर्चमधल्या बायका, सगळे त्यांना बर्था म्हणायचे. विशीतली पोरंसुद्धा! मला तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आजीच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारतात ही काय रीत? मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि त्यांना ‘आजी’ म्हणायला लागले. त्यांना अर्थ सांगितला तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं, हेही चालेल.

आमची गट्टी जमली ती चहावरून. अमेरिकेत चहा म्हणजे कोमट पाण्यात दोऱ्याला बांधलेली पिशवी बुडवायची आणि वर लिंबू. आजी मात्र किटलीत चहा असा काढायच्या की चमचा उभा राहावा, आणि वरून दूध. पहिला घोट घेतला आणि माझे डोळेच भरून आले. त्या म्हणाल्या, “आयर्लंडचा चहा आहे हा. तिथे पातळ चहा दिला तर पाहुणा पुन्हा येत नाही.” मी म्हटलं, “आमच्याकडेही तसंच.” त्यानंतर रोज दुपारी तीन वाजता मी खाली. हे म्हणायचे, “अगं, भाडं आपण देतो, राहतेस मात्र तू खालीच.”

नावाचा विषय निघाला तो जानेवारीच्या शेवटच्या दिवशी. मी चहाला गेले तर आजी कोट घालून, काठी टेकत मागच्या दारातून बाहेर निघालेल्या. हातात पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी. मागच्या अंगणात एक झुडूप होतं, गुडघाभर बर्फात बुडालेलं. “एवढी बांधून दे,” म्हणाल्या. मी बांधली. मला वाटलं, पाखरांसाठी काहीतरी असेल. आत आल्यावर त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक फेब्रुवारीला, त्यांच्या गावाकडे संत ब्रिजिटचा सण. आदल्या संध्याकाळी कापड बाहेर ठेवायचं. रात्री ब्रिजिट गावावरून जाते, तिचा हात कापडाला लागतो. मग ते कापड वर्षभर जपायचं, डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं, गाय अडली तर तिच्या पाठीवर टाकायचं. लव्हाळ्याच्या काड्यांचा एक क्रूसही विणायचा आणि दारावर लावायचा. इथे लव्हाळा कुठला, म्हणून तेवढं राहून जातं.

“तुमची कुलदेवताच म्हणायची,” मी म्हटलं.

“कुलदेवताच. मुळात देवताच होती ती,” त्या म्हणाल्या. “ख्रिस्ती धर्म यायच्या आधीची. कवींची, लोहारांची, वैद्यांची. मग त्याच नावाची संतीण झाली, आणि लोकांनी दोघींना एकच करून टाकलं. पाद्री लोक काही म्हणोत.” आणि मग म्हणाल्या, “माझं नावही तेच आहे.”

मी म्हटलं, “तुमचं नाव तर बर्था.”

“बर्था मला इथे आल्यावर चिकटवलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पश्चिम आयर्लंडमधल्या खेड्यात त्या जन्मल्या. चर्चच्या वहीत नाव ब्रिजिट, पण घरात सगळे आयरिश बोलणारे, त्यामुळे हाक ‘ब्रीज’. शेवटचा ज अगदी मऊ, जिभेवर ठेवल्यासारखा. लाडात आलं की आई ‘ब्रीजीन’ म्हणायची. लांबून हाक मारायची असली की तोंडचा ब विरघळून व व्हायचा, ‘अ व्रीज’, तेही त्यांनी मला करून दाखवलं. सतराव्या वर्षी त्या जहाजानं फिलाडेल्फियाला आल्या, बड्या लोकांच्या घरी कामाला. बंदरावर घ्यायला मावशी आलेली. मावशीनं पेटी उचलायच्या आधी पहिलं वाक्य काय बोलावं? “ब्रिजिट हे नाव इथे कुणाला सांगू नकोस.”

कारण अमेरिकेत तोवर आयरिश मोलकरणींना सरसकट ब्रिजिट म्हणायची पद्धत पडली होती. तिचं खरं नाव काही का असेना. ब्रिजिटचं लाडाचं रूप बिडी, तर बिडी म्हणजे मोलकरीण, बिडी म्हणजे कटकटी म्हातारी, अशी थट्टा. वर्तमानपत्रांत चित्रं यायची, ब्रिजिटनं कपबश्या फोडल्या, ब्रिजिटनं सूप जाळलं. त्यामुळे आयर्लंडहून आलेल्या कितीतरी ब्रिजिट बोटीवरून उतरता उतरता नाव टाकून द्यायच्या. कुणी डीलिया झाली, कुणी बिडीलिया, कुणी बर्था. एका देवीचं नाव, आणि त्याची ही गत! आमच्याकडे म्हणतात ना, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. इथे तर सोनूबाई म्हणवून घेण्याचीच चोरी.

“मग नवरा मिळाला तो जर्मन घराण्यातला,” आजी म्हणाल्या. “त्याच्या आईला बर्था नाव फार आवडलं. त्यांच्याकडचंच ते. झालं, कायमचं बसलं.”

“यजमानांना माहीत होतं, खरं नाव?”

“एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, छान आहे, आणि पुढे बटाटे मागितले.”

मी हसले. हसू यायला नको होतं, पण आलं. कारण माझंही तेच झालं होतं की! लग्नात, घरात पाऊल ठेवल्यावर, तबकात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवीन नाव लिहिलं होतं. माझं मूळ नाव माझ्या वडिलांच्या आईचं. ह्यांना ते जुनाट वाटलं, म्हणून ह्यांनी हौसेनं नवीन शोधलं, चांगलं तीन अक्षरी, गोडगोड. सगळ्यांनी साखर खाल्ली. मीही खाल्ली. पासपोर्ट त्याच नावाचा निघाला. माहेरी धाकटा भाऊ ‘ताई’ म्हणतो, त्यामुळे जुन्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं उरली, आई आणि वडील. त्या काळी सगळ्यांचंच असं व्हायचं, म्हणून मी कधी ब्र काढला नाही. जिभेला हाड नसलेली मी, तांदूळ बघून गप्प बसले.

ही गोष्ट आजींना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “मला तरी लाज झाकायची होती. तुझ्या नावानं काय कुणाचं घोडं मारलं होतं?”

त्यानंतर आठवड्याभरात आयर्लंडहून पत्र आलं. आजींचा भाऊ गेला. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, गावातच राहिलेला. साठ वर्षं तो महिन्याला एक पत्र पाठवत आला होता, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात, ‘अ व्रीज’. त्यांनी मला खणातले गठ्ठे दाखवले, रिबिनीनं बांधलेले. रडल्या नाहीत. दोन कप चहा गाळला.

“आता जगात कुणी नाही,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “असं का म्हणता? मुलगा आहे, नातवंडं आहेत.”

“त्या नावानं मला ओळखणारं कुणी नाही, असं म्हणत्येय मी. पत्रातसुद्धा येणार नाही ते आता.” आणि मग कप ठेवून, सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “तू म्हणशील? मला आजी नको म्हणूस. ब्रीज म्हण. मरायच्या आधी कुणाच्यातरी तोंडून ऐकायचंय मला. साठ वर्षं झाली कानांनी ऐकून.”

मी म्हटलं, “हो, म्हणेन की!” अगदी झटकन म्हटलं. त्यात काय, दोन अक्षरं तर होती. त्या वाट बघत बसल्या. मी तोंड उघडलं आणि, कपाळ माझं, आवाजच फुटेना. समोर माझ्या आजीच्या वयाची बाई. डोक्यावर कापूस पिंजल्यासारखे केस. तिला मी नावानं हाक मारू? लहानपणी शेजारच्या काकूंचं नुसतं नाव घेतलं म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला होता. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, आजतागायत. मोठ्यांचं नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, हेही कुणीतरी कानात भरवलेलं. मी म्हटलं, “उद्यापासून.”

दुसऱ्या दिवशी गेले. जिन्यात चार वेळा म्हणून पाहिलं, ब्रीज, ब्रीज. दार उघडलं आणि तोंडातून आलं, “आजी, चहा टाकलात?” त्यांचा चेहरा किंचित पडला.

असे दिवस जाऊ लागले. मी मधला मार्ग काढला, हाकच मारायची नाही. “अहो, ऐकलंत का,” च्या चालीवर इंग्रजीत नुसतं ‘हॅलो’. त्यांच्या ध्यानात येत नव्हतं थोडंच? मग मला वाटलं, आपल्याला या नावाची नीट माहिती नाही, म्हणून परकं वाटतंय. एम.ए. झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मी कॅम्पसवरच्या लायब्ररीत गेले आणि नावांच्या कोशांतून ब्रिजिट शोधायला लागले. चार दुपारी घातल्या. वहीभर उतरवून घेतलं.

नावाचा अर्थ ‘उंच, थोर’. जुन्या मठवासीयांनी ‘अग्नीचा बाण’ असाही अर्थ लावला होता, पण तो ओढूनताणून आणलेला, असं पंडित म्हणतात. आयर्लंडमधून ते नाव सगळीकडे पसरलं. स्वीडनमध्ये बिरगिट, तिथे त्याच नावाची आणखी एक संतीण. फ्रान्समध्ये ब्रिजीत. इटलीत ब्रिजिदा. इंग्लंडात ब्राइड. खुद्द आयर्लंडात ब्रीज, ब्रीजीन, ब्रायडी, ब्रीडा आणि ती बिचारी बिडी. वाचताना माझं मलाच नवल वाटत होतं, एका बाईच्या किती लेकी, आणि किती देशांत नांदायला गेलेल्या.

आणि मग एका जाड पुस्तकात मला हवं ते सापडलं. पूर्वी आयर्लंडात कितीतरी शतकं मुलींना ब्रिजिट हे नाव सहसा ठेवतच नसत. नाव इतकं पवित्र, की साध्या माणसानं ते सरळ घेणं बरं नव्हे. त्याऐवजी ‘ब्रिजिटचा दास’, ‘ब्रिजिटचा सेवक’ अशा अर्थाची नावं ठेवायचे, मेल ब्रिग्ते, गिला ब्रीदे. आपल्याकडे दास लावतात तसंच. मी आनंदानं टेबलावर हात आपटला, शेजारचा पोरगा दचकला. म्हणजे त्यांच्यातही मानापोटी नाव घेत नाहीत! माझं वागणं म्हणजे त्यांच्याच पूर्वजांची रीत!

बस येईपर्यंतही मला दम नव्हता. चालत घरी आले आणि आजींना वहीतून वाचून दाखवलं. काय तो उत्साह माझा. “बघा,” मी म्हटलं, “तुमच्या लोकांनीसुद्धा हे नाव घेतलं नाही, आदर होता म्हणून. मी पण त्याचसाठी घेत नाही. तुम्हाला मी किती मानते!”

आजींनी सगळं ऐकून घेतलं. वही हातात घेतली, चष्मा लावून एकेक रूप बोटानं वाचलं. इटलीतलं वाचून हसल्या पण. मग वही मिटून मला परत दिली.

“तो आदर संतिणीसाठी होता, पोरी,” त्या म्हणाल्या. “मी संत नाही. मी मागत्येय.”

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं आणि त्या झटक्यात नावही तोंडातून गेलं असतं. त्यांनी उठून ब्रेड कापायला घेतला. मी वही पोटाशी धरून बसून राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, विसरल्या. खोटं कशाला बोलू, विसरल्या असं मानणं मला सोयीचं होतं.

विसरल्या नव्हत्या हे मे महिन्यात कळलं. अमेरिकेत मेच्या शेवटी सगळे कबरींवर फुलं ठेवायला जातात. हे आजींची जुनी गाडी चालवत होते, मागे आजी आणि मी, जिरॅनियमची कुंडी मांडीवर. यजमानांच्या थडग्यावर लांबट करडा दगड होता. त्यावर डावीकडे त्यांचं नाव, जन्म, मृत्यू. आणि उजवीकडे, कोरून तयार, ‘बर्था’, जन्माचं साल, पुढे एक रेघ आणि कोरी जागा. मी तर हबकलेच. जिवंत बाईचं नाव थडग्यावर! आजी म्हणाल्या, इथे करतात असं, दोघांचं एकदम कोरून घेतात, आकडा तेवढा नंतर. काठीच्या टोकानं त्यांनी दगडावरची माती झाडली. “दर वर्षी येते,” त्या म्हणाल्या, “आणि दर वर्षी वाटतं, ही कोण बाई पुरणार आहेत माझ्या जागेवर.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांना काही माहीत नव्हतं. तिथे, त्या दगडासमोर, मी म्हणायला हवं होतं. दुसरं कोण होतं तिथे ऐकायला? पण हे उभे होते ना शेजारी. म्हाताऱ्या बाईला नावानं हाक मारली तर ह्यांना काय वाटेल, हे आलं मनात. काय वाटलं असतं? काही नाही. खांदे उडवून गाडीकडे गेले असते. मी आजींचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं, हळू, पायरी आहे, म्हटलं. सेवेत मी कुठे कमी पडले नाही हो. औषधं आणली, बर्फ उपसलं, केस धुऊन दिले. मागितलेलं सोडून सगळं दिलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्या मागच्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते बरं झालं म्हणाले, आणि मग न्यूमोनियानं गाठलं. मुलगा कॅलिफोर्नियाहून आला. मोठा सभ्य माणूस, पन्नाशीचा, सारखा घड्याळाकडे बघणारा. मी रोज जात होते. शेवटच्या दुपारी त्यांचे डोळे मिटलेले होते, श्वासाची घरघर सुरू झालेली. नर्स गालाला हात लावून म्हणत होती, “बर्था, बर्था हनी, तुमची मैत्रीण आलीय.” पापणीसुद्धा हलली नाही. मुलगा “मॉम, मॉम” म्हणत होता. त्यालाही नाही. नर्सनं मला पुढे केलं. “बोला त्यांच्याशी. कान शेवटपर्यंत जागे असतात.”

मी वाकले. त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं. साबणाचा वास येत होता, बाकी सगळा औषधांचा. मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं काय म्हणायचं. वहीतली सगळी रूपं माहीत होती. पलीकडे मुलगा उभा होता आणि मला वाटलं, याला हे नाव माहीत नाही, आपण म्हटलं तर विचारेल, आईचं गुपित आपण कशाला फोडा, परक्यांच्या घरच्या भानगडीत आपण कोण. एवढा सगळा विचार करायला वेळ होता मला! आणि मी म्हटलं, “आजी.”

पुन्हा म्हटलं, “आजी, मी आलेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बर्थासाठी प्रार्थना केली. बर्था किती कष्टाळू, बर्थाचा ब्रेड किती छान. मी दुसऱ्या रांगेत रेशमी साडी आणि वर कोट अशी बसले होते आणि ओठांत म्हणत होते, ब्रीज, ब्रीज, ब्रीज. थांबतच नव्हते मी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं. बाजूच्या बाईला वाटलं, मी आमचा काही मंत्र म्हणते आहे. तिनं माझ्या हातावर थोपटलं.

घर आवरताना मुलाला खणातले ते गठ्ठे सापडले. तो वर आला, एक पत्र घेऊन. “ही कोण? सगळी पत्रं हिलाच आहेत.” मी सांगितलं. त्याच्या आईचं नाव, त्याच्या आईला. बंदरावरची मावशी, बिडी, सगळं सांगितलं. तेव्हा बरी वाचा फुटली! तो जिन्यात उभाच राहिला. “ती कधी बोलली नाही मला,” म्हणाला. मग विचारलं, “तुम्ही म्हणायचात तिला, या नावानं?”

मी म्हटलं, “हो.”

अशी मी. मेलेल्या बाईच्या मुलाशी खोटं बोलले, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते बघत बसले. त्यानं माझे आभार मानले. दगडावर पुढे आकडा कोरला गेला, नाव तेच राहिलं.

ह्यांची पीएच.डी. झाली आणि मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी लागली. घर घेतलं, मुलगी झाली. वडील मधल्या काळात गेलेच होते. दशक संपता संपता एका सकाळी भावाचा फोन आला, “ताई, आई गेली.” तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, त्यामुळे गेलेही नाही. दहा दिवस मी घरात नुसती फिरत होते. भाऊ रोज फोन करायचा, ताई असं, ताई तसं. इथल्या मंडळातल्या बायका पोळ्याभाजी घेऊन आल्या, त्या वहिनी म्हणायच्या. मुलगी आई म्हणायची. अकराव्या दिवशी भांडी विसळता विसळता माझ्या लक्षात आलं आणि मी नळ तसाच सोडून ओट्याला धरून उभी राहिले. मला आता कुणीच उरलं नव्हतं. ते एक गाणं म्हटल्यासारखं ओढून, शेवटचं अक्षर लांबवून आई जे म्हणायची, ते आता कुणाच्याच तोंडी नव्हतं.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. मी दारातच म्हणाले, “अहो, मला एकदा नावानं हाक मारा ना.”

हे बूट काढत होते. वर बघून हसले, आणि तबकातल्या तांदळावरचं ते नाव घेतलं. प्रेमानं घेतलं, उगाच कशाला नावं ठेवू. एरवी ‘अगं’च्या पुढे ह्यांची मजल जात नाही.

“हे नाही. आधीचं.”

“आधीचं?”

“माझं. लग्नाआधीचं.”

ह्यांनी बूट हातातच धरला. वाईट माणूस नाही हो हा. आई गेली तेव्हा माझ्याआधी हे रडले होते. कपाळाला आठ्या घालून हे खरंच आठवत होते, मला दिसत होतं, एकदा ओठ हलले, पुन्हा थांबले. मग ओशाळून माझ्याकडे बघितलं.

“सॉरी गं. काय बरं होतं ते?”

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? ह्यांना बिचाऱ्यांना आठवत नव्हतं. मला तर आजींचं नाव पाठ होतं.